तिसरा रकाना

आमच्या घरातील लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्याच्या झाकणावरील चित्र केव्हाच पुसले गेले. घरातील महत्त्वाचे कागद ठेवण्याची ही आईची जागा. बाप्तिस्म्याचे दाखले, वाडीच्या सातबाऱ्याचे उतारे, माझे परिचारिका परीक्षेचे प्रमाणपत्र, आणि रबराने एकत्र बांधलेली लसीकरणाची कार्डे. नातवंडांची कार्डे रंगीत व चकचकीत आहेत. त्यांच्यात एक कार्ड मात्र साध्या पिवळट पुठ्ठ्याचे आहे. ते माझे. त्यावर तीन रकाने आखलेले आहेत. पहिल्यात जुलै १९९८ ची तारीख आहे, दुसऱ्यात ऑगस्ट १९९८ ची, आणि तिसऱ्यात फेब्रुवारी २००१ ची. पहिल्या दोन तारखा काळ्या शाईत, तिसरी निळ्या. जी मात्रा सहाव्या महिन्यात घ्यावयाची, ती मी अडीच वर्षांनी घेतली. सदतीस वर्षे ज्या बाईने दुसऱ्यांना सुया टोचल्या, तिच्या कार्डाची ही अवस्था!

१९६९ साली मी वसईहून मुंबईला परिचारिकेच्या शिक्षणासाठी गेले. त्या काळी आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ मुलींपुढे दोनच वाटा असत, शिक्षिका होणे किंवा नर्स होणे. काविळीचे रुग्ण तेव्हा वॉर्डात नेहमीच असत. पाण्यातून होणारी कावीळ बहुधा बरी होऊन घरी जाई. दुसरी एक कावीळ मात्र रक्तातून येते व काही जणांच्या शरीरात कायमची मुक्काम करते, असे आम्हांला शिकविले गेले. अशा रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ असे लिहीत. आमच्या भायखळ्याच्या आणि परळच्या रुग्णांचा ऑस्ट्रेलियाशी काय संबंध, याचे मला फार नवल वाटे. ब्लुमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला ते प्रथिन प्रथम ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात आढळले, म्हणून ते नाव पडले, असे पुढे वाचनात आले. १९६५ साली त्याने ते जाहीर केले. ते हिपॅटायटिस बी या विषाणूचेच आवरण आहे, हे कळावयास आणखी काही वर्षे गेली. १९७६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्याचा जन्मदिवस, आणि आता तोच जागतिक हिपॅटायटिस दिवस म्हणून पाळला जातो.

आम्ही मात्र तेव्हा त्या विषाणूला फारसे भीत नव्हतो. काचेच्या सिरिंजा व पोलादी सुया उकळून पुन्हा वापरायच्या, सुईचे टोक बोथट झाले की दगडावर घासून घ्यायचे, आणि इंजेक्शन दिल्यावर टोपण पुन्हा सुईवर बसवायचे, अशी आमची शिस्त. टोपण बसविताना बोटाला सुई लागली नाही अशी परिचारिका मला भेटलेली नाही. बोट नळाखाली धरायचे, स्पिरिटचा बोळा दाबायचा व पुढच्या खाटेकडे जायचे.

भीती आली ती एड्सची. १९८० चे दशक सरता सरता हातमोजे आले, लाल अक्षरांच्या पाट्या आल्या. एड्सच्या रुग्णाची सुई लागली तर हजारात सुमारे तीन जणांना लागण होते. हिपॅटायटिस बी च्या वाहकाची सुई लागली आणि लस घेतलेली नसेल, तर शंभरात तीस जणांपर्यंत होऊ शकते. शिवाय हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, सात दिवस तग धरतो. तरी ज्याच्या नावाची पाटी लागली त्यालाच आम्ही घाबरलो. आणि ज्याच्यावर लस निघाली होती, त्याची लस मागण्याचे आम्हांला सुचले नाही.

लस निघाली होती हे खरे. वाहकांच्याच रक्तद्रव्यापासून केलेली पहिली लस १९८१ साली अमेरिकेत मान्य झाली. १९८६ साली यीस्टच्या पेशीकडून तेच प्रथिन तयार करवून घेण्याची युक्ती साधली, आणि मानवी रक्ताची गरज उरली नाही. परंतु ती परदेशी लस आपल्याकडे एका मात्रेस कित्येक शे रुपयांना पडे. आमच्या रुग्णालयात १९९२ च्या सुमारास थोडी आली, ती डॉक्टरांपुरती. यादी भिंतीवर लागली तेव्हा आम्ही परिचारिका थोड्या कुरकुरलो. आयांनी कुरकुरसुद्धा केली नाही. यादीत आपले नाव असू शकते, ही कल्पनाच त्यांच्या मनाला शिवलेली नसावी.

आमच्या वॉर्डातील एक आया साताऱ्याकडची होती. सगळे तिला मावशी म्हणत. नवरा नव्हता, पदरी एक मुलगी. १९९४ च्या पावसाळ्यातील एका सकाळी कचऱ्याची बादली रिकामी करताना कापसाच्या बोळ्यातील सुई तिच्या तळहातात गेली. तिने मला हात दाखविला. मी नेहमीप्रमाणे धुतला, आयोडीन लावले आणि म्हणाले, “काही नाही होत, मावशी.” ती हसली व फरशी पुसायला गेली.

तिसऱ्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. आठवडाभर तिने कोणाला सांगितले नाही, कारण रजा मांडली तर पगार कापला जाईल. शेजारणीने काविळीची माळ आणून डोक्यावर ठेवली. माळ दिवसेंदिवस वाढून खाली उतरली म्हणजे कावीळ उतरली, असे मानतात. मावशीची माळ उतरली, पण कावीळ उतरली नाही. हा आजार झालेल्या प्रौढ माणसांपैकी बहुतेक सारे बरे होतात. शंभरात एकाहूनही कमी जणांचे यकृत एकाएकी निकामी होते. मावशी त्या एकांत निघाली. जिथे ती वीस वर्षे फरशी पुसत होती, त्याच वॉर्डातील कोपऱ्याच्या खाटेवर ती पाचव्या दिवशी बेशुद्धीत गेली, आणि सातव्या दिवशी पहाटे माझ्या रात्रपाळीत वारली.

त्या सकाळच्या बादलीतील अकरा सुया माझ्या हातच्या होत्या. आणखी दोन परिचारिका कामावर होत्या, त्यांच्याही काही असतील. कोणाची सुई कोणत्या बोळ्यात अडकली हे कोण सांगणार? सुया वेगळ्या ठेवण्याचा, त्यांची टोके मोडण्याचा सरकारी नियम १९९८ साली आला. तेव्हा तसा नियम नव्हता, हे मी स्वतःला अनेकदा बजावले आहे.

१९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने ‘शानव्हॅक-बी’ ही देशी लस बाजारात आणली व किंमत एकदम खाली आली. पुढच्याच वर्षी आमच्या रुग्णालयात परिचारिकांसाठी लसीकरण झाले, निम्मे पैसे आमचे, निम्मे कल्याण निधीतून. माझ्या पिवळ्या कार्डावरील पहिल्या दोन तारखा त्या वेळच्या. तिसरी मात्रा १९९९ च्या जानेवारीत होती. त्याच सुमारास वडील अंथरुणास खिळले. वसई ते मुंबई, मुंबई ते वसई अशी माझी धावपळ चालली होती. वडील मार्चमध्ये गेले. पुढे आज घेऊ, उद्या घेऊ असे होत राहिले. “दोन झाल्या ना, पुष्कळ झाल्या,” असे एक सहकारी म्हणाली, आणि मला ते पटवून घ्यायचेच होते. मावशीचा मृत्यू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या बाईने असे का करावे, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. सुई दुसऱ्याला टोचण्यात आयुष्य गेले की स्वतःला आपण सुईच्या अलीकडच्या बाजूचे समजू लागतो, एवढेच फार तर म्हणेन.

मग २००१ चा जानेवारी उजाडला. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात रक्तदान शिबिर होते. माझ्या धाकट्या भावाने रक्त दिले. सोनचाफ्याची वाडी सांभाळणारा, कधी डोकेदुखीची गोळीही न घेणारा गडी तो. दोन आठवड्यांनी रक्तपेढीचे बंद पाकीट आले, ‘कृपया अधिकाऱ्यांना भेटावे’. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची तपासणी होते, तीत तो हिपॅटायटिस बी चा वाहक निघाला होता.

त्याला वाटले, आपण काही पाप केले अशी लोकांची समजूत होईल. हा विषाणू शरीरसंबंधातूनही जातो हे त्याने कुठेतरी वाचले होते. तो वहिनीच्या डोळ्याला डोळा देईना. त्याने आपली थाळी व पेला वेगळा केला, ओट्यावर बसून एकटा जेवू लागला. मुलांना जवळ घेणे सोडले. रविवारी मी घरी गेले आणि हे पाहिले, तेव्हा मला रडू व राग एकदमच आला. त्याला म्हटले, “अरे, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने हा जात नाही. रक्ताने जातो.” मग मोरीत गेले, तर फळीवर दाढीचे एकच खोरे. बाप आणि नुकते मिसरूड फुटलेला चौदा वर्षांचा मुलगा, दोघे तेच वापरीत होते! थाळी वेगळी केली होती, वस्तरा मात्र एक.

सर्वांची तपासणी झाली. वहिनी व दोन्ही मुले सुदैवाने कोरी होती, म्हणजे विषाणूही नाही आणि संरक्षणही नाही. मधल्या बहिणीच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. तिला केव्हातरी हा आजार होऊन आपोआप बराही झाला होता, आणि कोणाला पत्ता नव्हता. मी कोरी, दोन मात्रांच्या अर्ध्यामुर्ध्या आधारावर. आणि आई वाहक निघाली. बहात्तर वर्षांची, ठणठणीत, पहाटे उठून फुले खुडणारी आमची आई.

आई फार शिकलेली नव्हती, पण हिशेबाला पक्की होती. त्या रात्री मी तिच्या पायांना तेल लावीत बसले असता ती म्हणाली, “बाय, माझ्याकडूनच गेलं ना गं ते त्याला?”

मी परिचारिका. मला माहीत होते की जन्मताच लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांच्या शरीरात हा विषाणू आयुष्यभर राहतो, आणि प्रौढपणी झालेल्या शंभरांपैकी पाचांच्याही नाही. भावाला तो लहानपणीच मिळाला असणार. परंतु लहानपणी म्हणजे कोणाकडून, हे मात्र खरोखरच सांगता येत नव्हते. गावातील कंपाउंडर एकाच काचेच्या सिरिंजने ओळीने साऱ्या आळीला टोचीत असे, हे मला आठवत होते. आईला स्वतःलाही तो कोठून आला हे कोणास ठाऊक. मी म्हटले, “सांगता येत नाही, आई.” हे खरेच होते. परंतु खरे बोलूनही माणसाला चुकविता येते, हे मला त्या रात्री कळले. आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भावाची वेगळी ठेवलेली थाळी फळीवरून काढली, तीत स्वतःला भात वाढून घेतला, आणि त्याला आपल्या थाळीत वाढले. वहिनी पाहत राहिली. त्या दिवसापासून थाळ्या पुन्हा एक झाल्या. भावाचा स्वतंत्र वस्तरा व ब्रश तेवढा मोरीत वेगळ्या खिळ्याला लागला.

फेब्रुवारीत वहिनीला व मुलांना पहिली मात्रा दिली. राहिलेली मात्रा केव्हाही घेतली तरी चालते, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून त्यांच्याच रांगेत बसून मी तिसरी घेतली. निळी शाई ती. दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी केली, ती पुरेशी आली. आई २००८ साली वृद्धापकाळाने गेली, यकृताने तिला शेवटपर्यंत काही त्रास दिला नाही. भाऊ आज साठीपलीकडे आहे. गेली काही वर्षे रोज एक गोळी घेतो, सहा महिन्यांनी तपासणी करतो, आणि आजही रांगेतल्या प्रत्येक अनोळखी माणसाला आपल्या आजाराचे नाव ‘पोटाचा विकार’ असेच सांगतो.

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल की आता हे सारे जुने झाले, मुलांना तर लस मिळतेच. मुलांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. तैवानने जुलै १९८४ मध्ये वाहक मातांच्या नवजात बाळांपासून आरंभ केला आणि दोन वर्षांत सर्वच बाळांना लस दिली. दहा वर्षांच्या आत तेथील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. लस टोचून कर्करोग टळतो, हे जगाने तिथे प्रथम पाहिले. आपल्या देशाने २००२ साली काही शहरे व जिल्ह्यांत प्रयोग केला, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत लस नेली व २०११ साली सर्व देशभर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली एक ते दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६३ जणांच्या तीन मात्रा पूर्ण झालेल्या आढळल्या, २०१९-२१ मध्ये सुमारे ८४ जणांच्या. ही काही लहान गोष्ट नव्हे. उन्हातान्हात शीतपेटी खांद्याला लावून फिरणाऱ्या बायांचे ते श्रम आहेत.

परंतु हे आकडे बाळांचे आहेत. जो या मोहिमेच्या आधी जन्मला, त्याचा हिशेब कोणत्या वहीत आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात सुमारे तीन कोटी माणसे हा विषाणू अंगात घेऊन वावरत होती, आणि त्यांतील बहुतेकांना ते ठाऊक नव्हते. त्यांचे पती, पत्नी, भावंडे, डायलिसिसवरचे रुग्ण, वरचेवर रक्त घ्यावी लागणारी थॅलेसेमियाची मुले, मादक द्रव्ये टोचून घेणारी तरुण पोरे, आणि रुग्णालयातील माणसे, ज्यांना धोका अधिक त्यांनाच शोधून टोचणारे मनुष्यबळ कमी. २००९ साली गुजरातेत मोडाशाच्या परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने या काविळीची साथ आली व ऐंशीहून अधिक माणसे दगावली. २०१८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी व औषध मोफत आहे, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीचाही समावेश आहे. तरी मला जे दिसले ते सांगते. मी निवृत्त झाले तोपर्यंत आमच्याकडचे झाडूकाम कंत्राटदाराकडे गेले होते. मुले चार-पाच महिन्यांनी बदलत. लसीचा क्रम सहा महिन्यांचा आणि नोकरी पाच महिन्यांची! तिसरा रकाना भरायचा कोणी?

बाळांचेही एक राहिले. पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते, कारण आईकडून जाणारा विषाणू दीड महिन्याची वाट पाहत नाही. २०१९ साली माझ्या भाचीचे बाळंतपण एका खाजगी प्रसूतिगृहात झाले, नेमके शनिवारी रात्री. “सोमवारी डॉक्टर आल्यावर देऊ,” असे उत्तर मिळाले. मी रविवारचा मिस्सा संपवून तडक तिथे गेले आणि खुर्ची टाकून बसले. भाची ओशाळली. सायंकाळी सहाला फ्रिजची किल्ली सापडली. बाळ तेव्हा वीस तासांचे होते. म्हातारी परिचारिका नातेवाईक असणे, हे प्रसूतिगृहांना त्रासाचे असते खरे.

मावशीच्या मुलीचे सांगायचे राहिले. आईच्या जागी तिला रुग्णालयात आयेचेच काम मिळाले. १९९८ च्या यादीत चतुर्थ श्रेणी नव्हती, आणि मी तेव्हा काही बोलले नाही. भावाचे पाकीट आल्यानंतर मात्र माझी झोप उडाली. मेट्रनबाईंकडे गेले, अर्ज लिहिला, तीस जणींच्या अंगठ्या-सह्या घेतल्या. २००१ च्या एप्रिलपासून आयांना व सफाई कामगारांना लस मिळाली. ऑक्टोबरात तिसऱ्या मात्रेच्या दिवशी ती पोर वॉर्डात भांडी घाशीत बसलेली दिसली. “दोन झाल्यात ना, सिस्टर,” ती म्हणाली. मी तिच्या हातातले भांडे काढून घेतले आणि मनगट धरून तिला खाली नेले. तिला वाटले, मी रागावले आहे.

ती अजून नोकरीत आहे. दर नाताळला वसईला येते, साताऱ्याचे कंदी पेढे आणते, मी तिला सुकेळी देते. गेल्या नाताळात आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. ती आईच्या आठवणी काढीत होती. “आई म्हणायची, सिस्टरांनी माझा हात स्वतः धुतला,” ती म्हणाली. अंगणात भाचीचे पोर पळत होते. मी तिच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली. त्या अकरा सुयांविषयी मी तिला अद्याप सांगितलेले नाही.